वाचक विचारतात: पाया एकच, मग घातांक वजाच का?

घातांकांच्या भागाकारावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी घातांक वर न लिहिता ^ या खुणेनंतर लिहिला आहे. म्हणजे ५^३ हे '५ चा ३ रा घात' असं वाचायचं. यात ५ हा पाया आणि ३ हा घातांक.

प्रश्न: माझा मुलगा ५^१२ ÷ ५^३ चं उत्तर दर वेळी ५^४ लिहितो. 'चिन्ह भागाकाराचं आहे, मग बाराला तिनाने भागायचं' असं त्याचं म्हणणं. 'वजाबाकी करायची' हे पाठ करून घेतलं, पण आठवड्याने पुन्हा तेच.

उत्तर: पाठ करून घेऊ नका, लिहून घ्या. आधी लहान घातांक घ्या, उदाहरणार्थ ५^७ ÷ ५^३. रेघ ओढून वर सात पाच आणि खाली तीन पाच, मध्ये गुणिले चिन्हं घालून लिहायला सांगा. मग खालचा एक पाच आणि वरचा एक पाच अशा जोड्या काटायच्या. तीन जोड्या जातात आणि वर चार पाच उरतात. म्हणजे ५^४. त्याने हे तीन-चार वेळा हाताने केलं की 'सातातून तीन गेले' हे त्याच्याच तोंडून येईल. घातांक म्हणजे पाया गुणाकारात किती वेळा आला त्याची मोजणी. भागताना त्या मोजणीतून काही कमी होतात, म्हणून वजाबाकी. ५^१२ ÷ ५^३ मध्ये बारातून तीन गेले, उरले ५^९.

दुसरी सवय पडताळ्याची. भागाकार बरोबर असेल तर उत्तराला भाजकाने गुणल्यावर भाज्य परत मिळायला हवा. ५^४ × ५^३ म्हणजे चार पाच आणि तीन पाच, एकूण सात. बारा नाहीत. चूक तिथेच उघडी पडते.

पडताळ्यासाठी संख्या घेताना मात्र एक सापळा टाळा. २^४ ÷ २^२ घेतलंत तर चार वजा दोन दोन आणि चार भागिले दोनही दोनच. चुकीच्या रीतीनेही उत्तर बरोबर येतं आणि मुलाचा गैरसमज उलट पक्का होतो. शून्य सोडून पूर्णांक घातांकांत असा योगायोग फक्त ४ आणि २ याच जोडीत घडतो. नेमकी हीच जोडी उदाहरण म्हणून पटकन सुचते, ही खरी अडचण. २^६ ÷ २^२ घ्या: ६४ ÷ ४ = १६, म्हणजे २^४. घातांक भागले असते तर २^३ म्हणजे ८ आलं असतं. पाया १ घेऊनही काही कळणार नाही, कारण १ चा कोणताही घात १ च.

मुलाने काढलेलं ५^४ अगदीच निरर्थक नाही, हेही त्याला सांगा. ते ५^१२ चं घनमूळ आहे: ५^४ तीनदा घेऊन गुणलं की ५^१२ मिळतं. घातांकाला तिनाने भागणं ही घनमूळ काढण्याची रीत. त्याने बरोबर उत्तर दिलं, फक्त न विचारलेल्या प्रश्नाचं.

प्रश्न: ६^७ ÷ ६^४ = १^३ असं का नाही? सहाला सहाने भागलं की एकच येतो ना?

उत्तर: येतो, पण एका जोडीपुरता. इथे चार जोड्यांचे चार एक झाले आणि वर तीन सहा तसेच राहिले, कारण त्यांना काटायला खाली कोणी नाही. उत्तर ६^३ म्हणजे २१६. तुमच्या रीतीने घातांक वजाही झाले आणि पायाही भागला गेला, म्हणजे एकच काम दोनदा झालं. पायाला हात लावायचा नाही.

प्रश्न: ७^३ ÷ ७^३ केल्यावर सगळंच कटलं. मग ७^० म्हणजे शून्य का नाही? आणि वर लहान, खाली मोठा घातांक असेल तर उत्तर ऋण येतं का?

उत्तर: 'सगळं कटलं' याचा अर्थ 'काही उरलं नाही' असा घेतला की हा घोटाळा होतो. काट मारली तिथे शून्य उरत नाही, १ उरतो. ७ ÷ ७ = १. तसे तीन एक गुणले तर १. एरवीही ३४३ ÷ ३४३ चं उत्तर कोणी शून्य सांगणार नाही. नियमाने घातांक ० येतो आणि प्रत्यक्ष भागाकाराने १ येतो, म्हणून ७^० = १.

आता दुसरा भाग. ३^२ ÷ ३^५ मध्ये वरचे दोन्ही तीन कटतात आणि खाली तीन तीन उरतात. उत्तर १/(३ × ३ × ३) म्हणजे १/२७. नियमाने दोन वजा पाच, म्हणजे ३^(−३). ही एकाच उत्तराची दोन रूपं आहेत. घातांकातलं ऋण चिन्ह 'उरलेले अवयव छेदात आहेत' एवढंच सांगतं. संख्या ऋण आहे असं ते सांगत नाही. ३^(−३) = −२७ किंवा −९ लिहिणारे पुष्कळ. त्यांना एकच विचारावं: ९ ला २४३ ने भागून ऋण संख्या येईलच कशी?

दोन्ही गोष्टी एका ओळीत पाहायच्या असतील तर २ चे घात उतरत्या क्रमाने लिहा: ८, ४, २, १, १/२, १/४, १/८. दर पायरीला संख्या निम्मी होते आणि घातांक एकाने उतरतो: ३, २, १, ०, −१, −२, −३. एकाच्या जागी आपोआप शून्य घातांक येतो. मिखाएल स्टीफेल या जर्मन गणितज्ञाने १५४४ साली नेमका असाच तक्ता छापला होता: वरच्या ओळीत −३ पासून ६ पर्यंतचे आकडे आणि खाली १/८ पासून ६४ पर्यंतचे. खालच्या ओळीत भागाकार केला की वरच्या ओळीत वजाबाकी होते, हे त्यात बोट ठेवून पाहता येतं.

पाया शून्य असेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही. ०^५ ÷ ०^३ = ०^२ असं लिहिता येत नाही, कारण भाजकच शून्य आहे. म्हणून नियम लिहिताना 'पाया शून्य नसावा' ही अट सोबत असते. ती शोभेची नाही.

प्रश्न: क्ष^२ ÷ क्ष^(−५) चं उत्तर मी क्ष^(−३) काढलं, पुस्तकात क्ष^७ आहे. छपाईची चूक?

उत्तर: चूक छपाईची नाही. तुम्ही २ − ५ केलं, करायचं होतं २ − (−५). वजाबाकीचं वजा वेगळं आणि घातांकाचं स्वतःचं ऋण वेगळं, आणि पटपट लिहिताना दोन्ही एकमेकांत विरघळतात. घातांक ऋण असला की तो आधी कंसात लिहा, मग वजा करा. अर्थानेही पाहा: क्ष^(−५) म्हणजे १/क्ष^५, आणि त्याने भागणं म्हणजे क्ष^५ ने गुणणं. दोन आणि पाच, सात.

प्रश्न: पाया ऋण असेल तर? (−२)^५ ÷ (−२)^२ जमतं, पण −२^४ ÷ (−२)^२ ला दर वेळी वेगळं उत्तर येतं.

उत्तर: पहिल्यात पाया दोन्हीकडे −२ आहे, म्हणून (−२)^३ = −८. दुसऱ्यात पाया समान दिसतो, पण नाही. कंस नसेल तर घातांक फक्त लगतच्या संख्येचा. −२^४ म्हणजे २ चा ४ था घात, आणि त्याच्या आधी वजा. ते झालं −१६. (−२)^२ झालं ४. भागाकार −४. ज्यांनी कंस आहे असं धरून (−२)^(४−२) केलं त्यांना +४ मिळतो. तुमची दोन उत्तरं बहुधा हीच असतील.

यावर खात्रीची रीत अशी: आधी चिन्ह निकालात काढा, मग नियम लावा. (−३)^७ ÷ ३^४ घ्या. ७ विषम, म्हणून (−३)^७ = −३^७. आता पाया दोन्हीकडे ३, उत्तर −३^३ = −२७. घातांक सम असता तर वजा नाहीसा झाला असता. बीजगणितात हीच गोष्ट (क्ष − य)^५ ÷ (य − क्ष)^३ अशा वेषात येते. य − क्ष म्हणजे −(क्ष − य), घातांक ३ विषम, म्हणून उत्तर −(क्ष − य)^२. खाली वर्ग असता तर तो वजा राहिला नसता आणि उत्तर (क्ष − य)^३ आलं असतं.

प्रश्न: पाया वेगवेगळा असेल तर नियम लागतच नाही असं समजायचं का? स्पर्धा परीक्षेत ८^५ ÷ ४^६ अशी गणितं येतात.

उत्तर: लागत नाही, पण लागू करून घेता येतो. ८ आणि ४ हे दोन्ही २ चेच घात. ८ = २^३, म्हणून ८^५ = २^१५. ४ = २^२, म्हणून ४^६ = २^१२. आता पाया एकच: २^(१५−१२) = २^३ = ८. घाताचा घात काढताना घातांक गुणायचे (३ × ५) आणि भागताना वजा करायचे. या दोन पायऱ्या घाईत एकाच ओळीत उरकणारे इथे हमखास अडखळतात. त्या दोन ओळींत लिहा.

पाया एकाच संख्येचा घात नसेल तर मूळ अवयव पाडा. १२^४ ÷ १८^२ पाहा. १२ = २^२ × ३, म्हणून वर २^८ × ३^४. १८ = २ × ३^२, म्हणून खाली २^२ × ३^४. तीन सगळे कटले, दोनांपैकी २^६ उरले: ६४. प्रत्यक्ष भागूनही २०७३६ ÷ ३२४ = ६४. पाया वेगळा पण घातांक सारखा असेल तर वाट आणखी जवळची: ६^५ ÷ २^५ = (६ ÷ २)^५ = ३^५. इथे पाया भागायचा आणि घातांक तसाच ठेवायचा, म्हणजे वरच्या नियमाच्या बरोबर उलट. दोन नियमांची सरमिसळ होते ती इथूनच.

याचंच एक व्यवहारातलं उदाहरण. एक टेराबाइटची डिस्क संगणकात सुमारे ९३१ 'जीबी' का दिसते? डिस्क बनवणारे टेराबाइट म्हणजे १०^१२ बाइट धरतात. काही संगणक प्रणाली 'जीबी' लिहितात, पण मोजतात २^३० बाइटच्या मापाने. तेव्हा भागाकार १०^१२ ÷ २^३०. १० = २ × ५, म्हणून वर २^१२ × ५^१२. बारा दोन कटले, खाली अठरा उरले: ५^१२ ÷ २^१८, म्हणजे २४४१४०६२५ ÷ २६२१४४, सुमारे ९३१.३. डिस्कवरची जागा कोणी खाल्लेली नसते, मोजपट्टी बदललेली असते.

प्रश्न: (२^७ + २^५) ÷ २^४ मध्ये वरचे घातांक मिळवून २^१२ केले, मग २^८. चुकलं कुठे?

उत्तर: मिळवण्यात. घातांक मिळवायचे ते गुणाकारात, बेरजेत नाही. २^७ + २^५ म्हणजे १२८ + ३२ = १६०, तर २^१२ म्हणजे ४०९६. बेरजेतल्या प्रत्येक पदाला स्वतंत्र भागा: २^३ + २^१ = १०. पडताळा: १६० ÷ १६ = १०.

बेरीज छेदात असेल तर असं तोडता येत नाही. २^७ ÷ (२^४ + २^३) म्हणजे २^३ + २^४ नव्हे. आधी छेदातून सामाईक अवयव काढा: २^३ × (२ + १) = २^३ × ३. मग २^७ ÷ २^३ = २^४, आणि उत्तर १६/३. पूर्ण संख्या आली नाही म्हणून घाबरू नका, १२८ ÷ २४ तेवढंच येतं.

घातांकात अक्षर असलं तरी रीत हीच. (३^(न+२) − ३^न) ÷ ३^(न+१) मध्ये वरून ३^न सामाईक काढा: ३^न × (९ − १). खाली ३^न × ३. ३^न कटला, उत्तर ८/३. न कितीही असो, उत्तर तेच. न = ० घेऊन ताडून बघा: (९ − १) ÷ ३.

प्रश्न: १२क्ष^७ ÷ ४क्ष^३ मध्ये १२ आणि ४ ची पण वजाबाकी करायची का?

उत्तर: नाही. १२ आणि ४ हे सहगुणक, साधे आकडे. ते भागायचे. वजाबाकी फक्त घातांकांची. उत्तर ३क्ष^४. ८क्ष^४ लिहिणाऱ्याने सगळीकडेच वजाबाकी केलेली असते. घातांक लिहिलेला नसेल तर तो १ समजायचा, शून्य नाही: क्ष^५ ÷ क्ष = क्ष^४.

अक्षरं दोन असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा. १८क्ष^६य^३ ÷ ६क्ष^२य^५ मध्ये क्ष चे चार वर उरतात आणि य चे दोन खाली: ३क्ष^४/य^२. एकापुढे एक भागाकार असले तर डावीकडून उजवीकडे जा. क्ष^८ ÷ क्ष^३ ÷ क्ष^२ मध्ये आठातून तीन गेले आणि मग दोन गेले, उरला क्ष^३. उजवा भागाकार आधी केला तर क्ष^७ येतो, आणि तो चूक.

प्रश्न: विज्ञानाच्या गणितात दहाचे घात भागताना कॅल्क्युलेटरवर भलतंच उत्तर येतं. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला लागणारा वेळ काढत होतो आणि ५ × १०^१८ सेकंद आले!

उत्तर: अंतर सुमारे १.५ × १०^११ मीटर, वेग सुमारे ३ × १०^८ मीटर दर सेकंदाला. तुम्ही बटणं दाबलीत ती याच क्रमाने: १.५ × १०^११ ÷ ३ × १०^८. यंत्र डावीकडून जातं. त्याने तिनाने भागलं आणि १०^८ ने गुणलं. भाजक म्हणजे 'तीन आणि दहाचा घात' ही जोडी एकत्र आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही. भाजक कंसात टाका, किंवा दहाच्या घातासाठी 'ईएक्सपी' छापलेलं बटण असेल तर ते वापरा. मग ३ × १०^८ ही सगळी मिळून एकच संख्या धरली जाते. १२क्ष^७ ÷ ४क्ष^३ यंत्रात घालतानाही हाच धोका आहे.

खरं तर इथे यंत्राची गरजही नाही. आकडे वेगळे भागा, दहा वेगळे. १.५ ÷ ३ = ०.५ आणि १०^(११−८) = १०^३. म्हणजे ०.५ × १०^३ = ५०० सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. प्रमाणित रूपात पहिला आकडा १ ते १० च्या मधला लागतो (१ चालतो, १० नाही), म्हणून ५ × १०^२ लिहा. ०.५ चे ५ करताना आकडा दहापट झाला, तेव्हा घातांक एकाने कमी. या पायरीला घातांक वाढवणारे कमी नाहीत. उत्तर ५०० च राहिलं का, एवढं पाहिलं की पुरे.

याच रीतीने पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या किती पट ते तोंडी निघतं. ५.९७ × १०^२४ किलो भागिले ७.३५ × १०^२२ किलो. दहांचे १०^२, आकड्यांचे सुमारे ०.८१. म्हणजे जवळपास ८१ पट.

प्रश्न: अपूर्णांक घातांकांना हा नियम चालतो का? ८ ÷ √२ सोपं कसं करायचं?

उत्तर: पाया धन असेल तर चालतो. √२ म्हणजे २^(१/२), ८ म्हणजे २^३. ३ − १/२ = ५/२. २^(५/२) म्हणजे २^२ × २^(१/२), म्हणजे ४√२. अंश-छेदाला √२ ने गुणूनही हेच येईल. घातांकांची वजाबाकी करताना छेद समान करायला विसरू नका: क्ष^(३/४) ÷ क्ष^(१/२) मध्ये ३/४ − २/४, उत्तर क्ष^(१/४). अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा करून २/२ म्हणजे क्ष काढलेलं उत्तर आमच्याकडे आलेल्या पत्रांतच दोनदा दिसलं. तिथे घातांकाचा नियम बरोबर होता, अडलं ते अपूर्णांकांच्या वजाबाकीत.